दाजींची नऊ गाणी

आमच्या उमापूर गावची लेक म्हणजे आम्हा सगळ्या धाकट्यांची आक्का, आणि तिचा नवरा म्हणजे सगळ्या गावाचा दाजी. त्या नात्यानं हे दाजी माझे. रक्ताचं नातं शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. पण त्यांनी दोन वर्षं मला जेवढं छळलं, तेवढं सख्ख्या दाजीनं छळलं असतं तर मी आक्काला माहेरी आणून बसवली असती.

बीडला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे वर पत्रे, भिंतींना ठोकलेल्या गाद्या, एक कॉम्प्युटर, एक माईक आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करावा लागणारा एक कूलर. नेत्यांच्या वाढदिवसाची गाणी, हळदीची गाणी, दुकानाच्या उद्घाटनाची गाणी, जे येईल ते मी करतो. नाव बदललं की तेच गाणं दुसऱ्या तालुक्यात चालतं. त्यात लाजायचं काय, पोट त्याच्यावर आहे.

तिथं एक दिवस दाजी आले. अंगातला सदरा मुळात पांढरा होता की पिठानं पांढरा झाला होता, सांगता येत नव्हतं. भुवया मात्र नक्की पिठाच्या होत्या. मागं आक्का, हातात डबा.

"पाव्हण्या, आल्बम करायचा हाय," ते म्हणाले. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. गिरणीवाला माणूस आहे, मोठ्यानंच बोलणार, असं मी धरून चाललो. "नऊ गाणी. पाच एका बाजूला, चार एका बाजूला."

"दाजी, आता बाजू नसत्यात. कॅसेट गेली."

"कॅसेट गेली. बाजू कशी जाईल?"

मी आक्काकडं बघितलं. तिनं डबा टेबलावर ठेवला, शेंगदाण्याची चटणी आहे म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. पुढची दोन वर्षं ती त्याच खुर्चीवर बसली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, ती झाकून ठेवून मला कुणाला चकवायचं नाही. दाजींचे कान जायला लागले होते. चाळीस वर्षं गिरणीच्या आवाजात काढल्यावर काय होणार दुसरं? ती नऊ गाणी रेकॉर्ड होऊन, आपल्या कानांनी एकदा सलग ऐकून, बरोबर झाली म्हणायचं आणि मग कान जायचे तर जाऊ देत, एवढंच त्यांना पाहिजे होतं. हे मला कळायला सव्वा वर्ष लागलं. तोवर मी त्यांच्याशी रोज भांडत होतो.

गिरणी गेवराईच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. आधी डिझेलचं इंजन होतं, पुढं मोटर आली. दळण दळता दळता या माणसानं गाणी केली. वही नाही, पेन नाही, पेटी नाही. गिरणी सुरू झाली की तिचा जो एकसारखा घूंऽऽ असा आवाज निघतो, तोच त्यांचा तंबोरा. आणि त्यातही नखरे बघा. ज्वारी पडली की गिरणीचा सूर वेगळा, गहू पडला की वेगळा, हरभऱ्याची डाळ पडली की आणखी खाली. त्यामुळं पेटीवरची काळी दोन, पांढरी चार असली भाषा त्यांच्याकडं नव्हती. 'हे ज्वारीतलं हाय', 'हे डाळीतलं हाय' असं ते सांगायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गेली केस हातातून.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या कानाला हेडफोन लावून मोबाईलवरचा तंबोरा सुरू केला आणि म्हणालो, "म्हणा." दहा मिनिटं गेली. दाजींचं तोंड बंद.

"काय झालं?"

"तुझी खोली मुकी हाय, पाव्हण्या."

"स्टुडिओ मुकाच लागतो. त्याच्यासाठी तर गाद्या मारल्यात."

"मुक्या खोलीत गाणं म्हणायचं कुणाला?" असं म्हणून ते उठले आणि सरळ स्टँडवर जाऊन एसटीत बसले. आक्का त्यांच्या मागं पळाली.

म्हणून पुढच्या आठवड्यात मीच रेकॉर्डर घेऊन गिरणीत गेलो. वीस मिनिटं गिरणीचा आवाज टिपला, बीडला आणला, दाजींच्या कानाला लावला. त्यांनी दोन क्षण ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "हे गव्हाचं हाय. गाणं ज्वारीचं हाय."

मला वाटलं, हा माणूस आता मुद्दाम छळतोय. ते गेल्यावर मी हट्टानं पुन्हा गेवराईचा रस्ता धरला. लग्नसराई होती, ज्याच्या त्याच्या डब्यात पोळ्यांचा गहू. दुपारपर्यंत बसलो, ज्वारी घेऊन कुणी येईना. शेवटी आक्कानं घरातली पायलीभर ज्वारी आणून ओतली. "घे बाबा एकदाचं. पण हे पीठ आता तू घेऊन जायचं." स्टुडिओत येऊन दोन्ही आवाज मशिनवर शेजारी शेजारी लावले. जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक होता. गव्हाचा आवाज मी बाजूला काढून ठेवला. नंतर पंधरा दिवस घरी नुसत्या भाकरी झाल्या, आणि दाजींचं पहिलं गाणं झालं.

गाणं पक्कं झालं की नाही, हे ठरवायची त्यांची रीत तर आणखी न्यारी. गिरणीत बायका डबे ओळीनं लावून बसायच्या. एक दळण संपून दुसरं पडायच्या आधी गिरणी थांबायची, तेवढ्यात दाजी त्यांना नव्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवायचे. बस, एकदाच. आठ दिवसांनी ती बाई पुन्हा आली की विचारायचे, "काय ध्यानात ऱ्हायलं?" जेवढं राहिलं तेवढं गाणं. जे विसरलं ते काढून टाकायचे, त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटायचं नाही.

"इसरलं ते गाण्यात नव्हतंच," ते म्हणायचे. एका गाण्याच्या अकरा ओळी होत्या, चार उरल्या. दाजी खूश, म्हणाले चाळून निघालं.

आता गावातल्या बाया काही कमी नाहीत. जिला ओळी आठवतील तिचं दळण दाजी आधी घ्यायचे, हे त्यांच्या ध्यानात आलं. एका मास्तरीणबाईंनी डब्याच्या झाकणाच्या आतून खडूनं ओळी लिहून आणल्या. झाकण उघडायचं, वाचायचं, नंबर लावायचा. दुसऱ्याच खेपेला दाजींनी पकडलं, कारण बाई कुठंच अडखळल्या नाहीत. दाजींनी मोटरचा पट्टा काढला आणि दोन दिवस गिरणी बंद. सगळ्या गावाला वाटलं लाईट नाही. तिसऱ्या दिवशी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, "भाऊ, लेकरं उपाशी हायेत, आधी दळा, मंग काय ते गा." मास्तरीणबाईंनी सगळ्यांसमोर झाकण पुसून दाखवलं. मग पट्टा चढला.

हे सगळं चालायचं तेव्हा आक्का पलीकडं, पीठ पडतं तिथं बसलेली असायची. पिठाला हात लावून बघायची, डबे भरायची, चाळायचं असेल तर चाळायची. तिला कधी दाजींनी 'काय ध्यानात ऱ्हायलं' असं विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाजूंचं प्रकरण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. पाचवं गाणं संपलं की थोडा वेळ काहीच वाजायचं नाही, कॅसेट उलटायला लागतो तेवढा वेळ, आणि मग सहावं सुरू व्हायचं, असा त्यांचा हुकूम. मी समजावलं, "दाजी, आजकाल माणूस तीस सेकंद ऐकतो आन् पुढं सरकवतो. मधी शांतता आली की त्याला वाटंल मोबाईल बंद पडला."

"तीस सेकंदात मिरचीबी दळून होत न्हाई."

"पण ती शांतता कशाला?"

"माणूस उठला पायजे. उठून कॅसेट उलटली म्हंजे त्याला पुढचं ऐकायचं हाय. जो उठून आला त्याच्यासाठी सहावं गाणं हाय. बसल्या जागी जे पदरात पडतं ते पहिलं." म्हणून सहावं गाणं त्यांनी सगळ्यात जपून केलं होतं. ते कुलपाचं गाणं. दिवाळी झाली की त्यांच्या गावातली निम्मी घरं ऊस तोडायला जातात, दारांना कुलपं लागतात, गिरणीला दळण नसतं. मोकळ्या गावातून एक माणूस फिरतो आणि कुलपांशी बोलतो, एवढंच ते गाणं. रेकॉर्डिंग झाल्यावर मी उगाच कूलरची बटणं दाबत बसलो. नेत्यांच्या वाढदिवसांत असलं काही कानावर पडत नाही.

आता भांडणाकडं येतो. भांडण टाळाचं. चार गाण्यांत मागं टाळ होते. मी आवाज नीट बसवून ऐकवलं की दाजी म्हणायचे, "टाळ कुठं गेला?" मी थोडा वाढवला. "टाळ कुठं गेला बे?" आणखी वाढवला. शेवटी टाळ एवढा झाला की माझ्याच दाढा शिवशिवायला लागल्या. मी म्हणालो, "दाजी, आता गल्लीतली कुत्री पळून जातील." ते चिडले. मीही चिडलो. मी म्हणालो, वीस वर्षं हेच करतोय, माझ्या कानावर विश्वास नसेल तर दुसरा स्टुडिओ बघा. तुझ्या कानात मळ हाय, असं म्हणून ते निघून गेले, ते महिनाभर आले नाहीत.

मग आक्काचा फोन आला. "त्यांना कपिलधारला जायचं म्हणत्यात. तुला घेऊन. धबधब्यात खालपासून वरपर्यंत सगळे सूर असत्यात, तिथं तुझ्या कानाचा निकाल लावतो म्हणत्यात."

माझ्या कानाची परीक्षा. मी म्हणालो, चला.

पाऊस चांगला झाला होता. पायऱ्यांवर गर्दी, धबधबा भरून वाहत होता, उभं राहिलं तिथं अंगावर तुषार येत होते. दाजी कठड्याला धरून उभे राहिले. डोळे मिटले. मी पण मिटले, म्हटलं होऊन जाऊ दे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आज वरचं पाणी कुणी आडवलं का? निस्ता बुडाचा आवाज येतोय."

मी हसलो. माझा चष्मा पाण्यानं भिजला होता, आणि पाणी कमी आहे म्हणतात. मग माझी नजर आक्काकडं गेली. ती हसत नव्हती. ती दाजींच्या तोंडासमोर जाऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो. आज वरचं कमी हाय."

टाळ कुठं गेला, ते मला तिथं कळलं. ते मोठ्यानं का बोलतात, आक्का प्रत्येक खेपेला बरोबर का येते, माझं बोलणं झाल्यावर तेच त्यांच्याकडं तोंड करून पुन्हा का सांगते, सगळं कळलं. सव्वा वर्ष मी एका बहिरा होत चाललेल्या माणसाच्या कानाला नावं ठेवत होतो. मला माझीच शरम वाटली.

दाजी देवळात दर्शनाला गेले तेव्हा आक्का पायरीवर टेकली. "दोन वर्षं झाले. डॉक्टर म्हणले, गिरणीनं खाल्ले. बारीक आवाज आधी जात्यात, मंग सगळंच. मशीन दिलतं कानात घालायला. त्यात गिरणी रडल्यावाणी वाटती म्हणून काढून ठेवलं."

"मला कावून सांगितलं न्हाई, आक्का?"

"तू भांडायचास ना. त्यांना लई बरं वाटायचं. बाकीचे लोक आता त्यांच्याशी वरडून बोलत्यात, न्हाईतर बोलतच न्हाईत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नऊ गाणी त्यांना आपल्या कानांनी ऐकायचीत. दुसरं काही मागणं न्हाई त्या माणसाचं. तेवढं लवकर कर."

मी ते मनावर घेतलं. वाढदिवस बाजूला ठेवले, एक हळद परत पाठवली. भांडणं मात्र चालू ठेवली, उलट जास्त केली, फक्त त्यांच्या समोर बसून, तोंड त्यांना दिसेल असं. टाळाचं मी असं केलं की त्यांच्या हेडफोनमध्ये टाळ मोठा, आणि रेकॉर्डिंगमध्ये जेवढा पाहिजे तेवढाच. फसवणूक झाली, कबूल आहे. एकदा ते हेडफोन काढता काढता म्हणाले, "टाळ सापडला रे तुला," आणि माझ्याकडं असं बघितलं की त्यांना सगळं माहीत असावं.

आधीची धरून आणखी आठ महिन्यांत आठ गाणी झाली. नववं राहिलं.

नववं गाणं सगळ्यात जुनं. लग्नाच्या पहिल्या वर्षी केलेलं, आक्कावरचं. गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला ते पाठ होतं. त्याची सुरुवात अशी:

उमापूरची वाट सरली, नवरी आली घरा,
हसत हसत इसरून गेली माहेराचा झरा.

चाल गोड, पण अंतरा एकदम वर चढतो. त्या वरच्या जागेवर गेलं की दाजींचा आवाज घसरायचा. घसरला हे त्यांना ऐकू यायचं नाही, पण माझ्या तोंडाकडं बघून कळायचं. पहिल्या दिवशी बारा वेळा म्हणून झालं. दुसऱ्या खेपेला वीस. मशिनवर ओढून ताणून सूर जागेवर बसवता येतो, मी तसं करतोही, नेत्यांच्या पोरांसाठी. दाजींना ते सांगितल्यावर त्यांनी मला अशी शिवी दिली की आक्कानं कानावर हात ठेवले. दुसरा गायक आणू का म्हटलं, तर म्हणाले, "ज्यानं माझं दळण कधी खाल्लं न्हाई त्याला माझं गाणं कावून देऊ?"

तिसऱ्या खेपेला सकाळीच आले. ऐकायला आता आणखी कमी येत होतं, समोर बसून बोललं तरी एखादं वाक्य दोनदा सांगावं लागायचं. सहा वेळा म्हटलं. सातव्यांदा अर्ध्यात थांबले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "न्हाई जमत, पाव्हण्या. आठाचाच कर." आणि मग, माझ्याकडं न बघता, "न्हाईतर करूच नको."

हा माणूस एकेका ओळीसाठी आठ-आठ दिवस थांबला होता, आणि नेमकी शेवटची पायरी त्याच्या पायाखालून गेली होती. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी मशिनकडं तोंड केलं.

"मी म्हणू का?"

खुर्चीवरून आक्का बोलली होती. दाजींना ऐकू गेलं नाही. मी वळून बघितलं, मग त्यांनीही बघितलं. ती त्यांच्या समोर गेली आणि पुन्हा म्हणाली, "मी म्हणते."

"तुला येतंय?"

"येतंय."

तिनं हेडफोन घेतला नाही, गिरणीचा सूरही मागितला नाही. माईकसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि सुरू केलं. ज्वारीतला सूर, तंतोतंत. मी नंतर मशिनवर तपासून बघितला. दाजींनी मांडीवरचा हेडफोन कानाला लावला, डोळे मिटून घेतले आणि मान हलवायला लागले. आवाज मोठा नव्हता, पण वरची जागा आली तेव्हा आक्का तिथं अशी गेली की जणू रोज पाणी आणायला जाते. आणि मग माझं शब्दांकडं लक्ष गेलं.

उमापूरची वाट सरंना, मागं वळतो पाय,
पीठ चाळता चाळता रोज दिसती माझी माय.

चाल तीच. शब्द दुसरे. पुढचं सगळं कडवं दुसरं, त्याच्या पुढचंही. उमापूरचा पार होता, तिच्या आईचं दाराशी उभं राहणं होतं, सासरी पहिल्या रात्री गिरणीच्या आवाजानं घाबरलेली पोर होती. मी हात थांबवायच्या बटणावर नेला आणि काढून घेतला. एकही शब्द बदललेला दाजींना कधी चालला नव्हता. आणि ते तर समोर डोळे मिटून डुलत होते.

गाणं संपलं. दाजींनी हेडफोन काढून डोळे उघडले, ते ओले होते. "कुठं शिकलीस?"

"गिरणीत. तुमच्या शेजारी."

"चाळीस वर्षं?"

"गिरणी चालू झाली की म्हणायची. बंद झाली की गप."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

दाजींनी एक हात कानाला लावला आणि तसाच ठेवला. "तवा गिरणी होती. आन् आता हे असं." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. मग मला म्हणाले, "सूर सगळा आला बघ मला. शब्द तेवढे नीट येत न्हाईत. पण शब्द काय, माझेच हायेत, ते न ऐकताबी कळत्यात."

मी आक्काकडं बघितलं. ती गप्प राहिली असती तर नऊ गाणी तिथंच पूर्ण झाली असती. दाजी सुखानं घरी गेले असते, आणि कुणी त्यांना काही सांगायला गेलं नसतं. माझी तर तशी तयारी पण झाली होती.

"लिही," आक्का मला म्हणाली. "मी काय म्हणलं ते लिही. मोठं लिही, त्यांना चष्म्यातून दिसंल असं."

एका आमदाराच्या वाढदिवसाच्या गाण्याचा कागद पडला होता, त्याच्या पाठीमागं मी ठळक अक्षरांत सगळं लिहून काढलं आणि दाजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आक्का त्यांच्या समोर उभी होती, पण आता तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडं नव्हतं, जमिनीकडं होतं.

"रोज दिसती?" दाजींनी विचारलं.

"रोज."

"आजूनबी?"

तिनं मान हलवली. आक्काची आई जाऊन वीस वर्षं झाली असतील. दाजींनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "माझी नवरी चाळीस वर्षं हसतीच हाय. मला वाटलं झालं गाणं." आणि घडी खिशात ठेवत, "बाकीच्या आठांचे बी हायेत का तुझे शब्द?"

"सातांचे हायेत," आक्का म्हणाली. "कुलपाचं तुमचंच बरं हाय."

दाजी माझ्याकडं वळले. "पाव्हण्या, ते कुलपाचं ठिव. बाकीचं पुसून टाक."

"दाजी, दोन वर्षं गेलीत त्याच्यात," मी त्यांच्या समोर जाऊन म्हणालो, आणि माझा आवाज चढला, चढायलाच पाहिजे होता. "सात गाणी पुन्हा करायला अजून वर्ष जाईल. तवर तुमाला ऐकू येणार हाय का? तुमाला तुमच्या कानांनी ऐकायचीत ना?"

"माझ्यानं नीट ऐकणं झालंच न्हाई कधी, कान चांगले हुते तवाबी," ते म्हणाले. "तू कर सुरू."

त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, माईकच्या अगदी समोर आणली, आणि तिचं तोंड नीट दिसेल अशा बेतानं बसले. आक्कानं डोळे पुसले आणि विचारलं, "पयलं कोणतं म्हणू?"

दाजी म्हणाले, "ते आता तू सांग."